जुन्या सिनेमाने आठवणी का उसळतात, आणि त्या उसळाव्यात म्हणून काय करावं

प्रश्न असा आहे: जुना सिनेमा लागला की गोष्ट बाजूला राहते आणि तो पाहिला तेव्हाचं घर, तेव्हाची माणसं, त्या वर्षीची परीक्षा असलं सगळं वर येतं, हे का होतं? आणि घरातल्या वयस्कर माणसांना बोलतं करायला याचा उपयोग करायचा तर कसा?

दुसऱ्या भागाचं उत्तर आधी देतो, कारण बहुतेक जण तिथेच चुकतात. त्यांचा सगळ्यात आवडता सिनेमा लावू नका.

आठवण सिनेमात नसते. सिनेमा ही नुसती खुंटी. तिच्यावर काय अडकवलं गेलं ते पाहणारा तेव्हा किती वर्षांचा होता, शेजारी कोण बसलं होतं आणि मनात काय चाललं होतं यावर ठरतं. एंडेल टुल्व्हिंग आणि डोनाल्ड थॉमसन या मानसशास्त्रज्ञांनी १९७३ मध्ये मांडलेलं तत्त्व असं, की एखादी गोष्ट मनात नोंदली जाताना आजूबाजूचं जे जे तिच्यासोबत नोंदलं जातं, तेच पुढे ती बाहेर काढायला कामी येतं. सिनेमात दोन-अडीच तास चित्र, आवाज, गाणी, शेजारचा माणूस आणि हेलावलेलं मन हे सगळं एकदम नोंदलं जातं. मन हेलावलेलं असताना घडलेलं जास्त पक्कं बसतं, हा त्यातला मोठा भाग.

आता आवडत्या सिनेमाचं. तो माणसाने आयुष्यात एकदाच पाहिलेला नसतो. टीव्हीवर दर दोन-चार महिन्यांनी, मुलांबरोबर, नातवंडांबरोबर, आजारपणात पडल्या पडल्या असा कितीतरी वेळा पाहिलेला असतो. दर वेळी त्याच खुंटीवर आणखी काहीतरी अडकतं आणि सगळ्यात खालचं हाताला लागेनासं होतं. एकाच खुणेला जितक्या गोष्टी जोडलेल्या, तितकी ती खूण प्रत्येकीसाठी कमजोर, हे ओल्गा आणि मायकेल वॉटकिन्स यांनी १९७५ मध्ये प्रयोगांतून दाखवलं. म्हणून आवडता सिनेमा लावला की माणूस खूश होतो, संवाद आधीच म्हणून दाखवतो, ‘काय काम केलंय!’ म्हणतो आणि स्वतःबद्दल एक अक्षर बोलत नाही. त्याउलट विशीत एकदा पाहिलेला, पुढे कधी समोर न आलेला, तसा सुमारच सिनेमा लावला तर दहाव्या मिनिटाला एखाद्या मित्राचं नाव निघतं. ते चाळीस वर्षांत घरात कुणी ऐकलेलं नसतं.

तेव्हा निवडीचा निकष सिनेमाची थोरवी नाही. निकष दोनच: त्या माणसाने तो योग्य वयात पाहिला का, आणि त्यानंतर फारसा पाहिलेला नाही ना.

योग्य वय म्हणजे काय, याला आधार आहे. डेव्हिड रुबिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८६ मध्ये आधीच्या अनेक अभ्यासांची आकडेवारी एकत्र करून दाखवलं, की उतारवयाकडे झुकलेल्या माणसांना १० ते ३० या वयातल्या आठवणी प्रमाणाबाहेर जास्त येतात. गाण्यांच्या आवडीचंही तसंच. मॉरिस हॉलब्रुक आणि रॉबर्ट शिंडलर यांच्या १९८९ च्या अभ्यासात, माणूस साधारण साडेतेवीस वर्षांचा असताना गाजत असलेली गाणी त्याला पुढे आयुष्यभर सर्वांत जास्त भावतात असं निघालं. कामाला सोपं म्हणून १५ ते २५ हा पट्टा धरा. १९४८ चा जन्म असेल तर १९६३ ते १९७३.

इथे एक खाच आहे. सिनेमा कधी प्रदर्शित झाला हे महत्त्वाचं नाही, त्या माणसाने कधी पाहिला हे महत्त्वाचं. जुने सिनेमे वर्षानुवर्षं पुन्हा पुन्हा लागत आणि लहान गावांत नवा सिनेमाही उशिरा पोहोचे. त्यामुळे प्रदर्शनाच्या वर्षांची यादी काढून त्यातून निवडलं तर निम्मे नेम चुकतात. आणि ‘तुम्ही हा कधी पाहिला?’ असं सरळ विचारलं तर वर्ष हमखास चुकीचं सांगितलं जातं. त्याऐवजी असं विचारा: तेव्हा शिक्षण चालू होतं की नोकरी लागली होती? लग्न झालं होतं का? सोबत कोण होतं? परत कसे आलात? चौथा प्रश्न फालतू वाटतो, पण त्यालाच सगळ्यात ठाम उत्तरं मिळतात, कारण वाहन, अंतर आणि उशीर झाल्याची धास्ती या गोष्टी सिनेमाच्या कथेबाहेरच्या असतात आणि सिनेमा पुन्हा पाहून त्या पुसल्या जात नाहीत.

सिनेमे शोधून काढायला ‘आवडता कोणता?’ यापेक्षा चांगले प्रश्न आहेत. घरच्यांनी कोणत्या सिनेमाला जाऊ दिलं नव्हतं? कोणता अर्धवट सोडून उठावं लागलं? कोणाचं फक्त गाणंच ऐकलं आणि सिनेमा पाहायचा राहून गेला? मनाई, अपुरेपणा, हुरहुर यांना चिकटलेले सिनेमे सहसा पुन्हा पुन्हा पाहिलेले नसतात. चार-पाच नावं जमली की पुरे.

अख्खा सिनेमा लावायचा का? एकट्याने स्वतःसाठी पाहायचा असेल तर खुशाल. कुणाला बोलतं करायचं असेल तर नाही. तीन ते सात मिनिटांचे तुकडे घ्या, एका बैठकीला तीन, फार तर चार. बोलणं धरून पाऊण तास ते तास होतो, त्यापुढे वयस्कर माणूस दमतो.

तुकडा कोणता घ्यावा हे सांगताना थोडं रेंगाळतो, कारण इथे लोक नेमका उलटा तुकडा घेतात. गाजलेला संवाद, मरणाचा प्रसंग, शेवटची मारामारी असले तुकडे माणसाला गोष्टीत ओढून नेतात, आणि लक्ष गोष्टीत गुंतलं की स्वतःचं काही वर येत नाही. आपोआप येणाऱ्या आठवणींवर डॉर्टे बर्न्सन यांचं वर्षानुवर्षांचं काम आहे. त्यातून दिसतं, की अशा आठवणी लक्ष जरा सैल असताना जास्त येतात आणि बहुतेकदा समोरच्या एखाद्या ठळक तपशिलाने येतात. म्हणून ज्यात फारसं काही घडत नाही तो तुकडा घ्या: नायक रस्त्याने चाललाय, मागे दुकानांच्या पाट्या आणि वाहनं आहेत, घरातलं साधं बोलणं, मागे भांडी, पंखा, भिंतीवरचं कॅलेंडर, कुणी चकतीचा फोन फिरवतंय. या फोनचंच बघा. नऊ फिरवल्यावर चकती परत येताना होणारी लांब घरघर आणि एक फिरवल्यावरची तोकडी, यातला फरक ज्याने तो फोन वापरलाय त्याच्या बोटांना माहीत असतो. पडद्यावर तो आवाज आला की बघणाऱ्याची तर्जनी हलते. बोट हललं की सिनेमा थांबवायचा.

श्रेयनामावली वगळू नका. सुरुवातीची नावं आणि त्यामागचं संगीत हा बऱ्याच सिनेमांतला सगळ्यात कामाचा तुकडा असतो. त्यात गोष्ट नसते, नुसतं वातावरण असतं. गाण्यांचंही तसंच: ध्रुवपदाच्या आधीचा वाद्यांचा तुकडा ओळखू आला की माणूस पुढच्या सुराची वाट पाहू लागतो, आणि त्या वाट पाहण्यातच बरंच काही सुटतं. पेटर यानाटा यांनी २००९ मध्ये मेंदूच्या प्रतिमा घेऊन दाखवलं, की ओळखीचं गाणं आणि आयुष्यातली आठवण यांची गाठ मेंदूच्या पुढच्या, मधल्या भागात पडते. अल्झायमरमध्ये हा भाग तुलनेने उशिरा झिजतो. बाकी बरंच हरवलेल्या माणसालाही गाणं ओळखू येतं त्याचं एक कारण हे असावं.

तुकडे निवडून झाले तरी प्रत चुकीची असेल तर काम बिघडतं. हा भाग रटाळ आहे, पण ‘लावला होता, काही झालं नाही’ या तक्रारीमागे पुष्कळदा हेच असतं.

पहिलं, चित्राचा आकार. १९५० च्या आधीचे जवळजवळ सगळे आणि नंतरचेही कितीतरी सिनेमे ४:३ च्या आसपासच्या चौकटीत आहेत. आजचा टीव्ही १६:९. टीव्हीने चित्र ताणलं तर सगळे चेहरे एक तृतीयांशाने रुंद होतात. ज्या नटाचा चेहरा मनात कोरलेला आहे तोच अनोळखी दिसतो, आणि काय चुकलंय हे पाहणाऱ्याला सांगताही येत नाही. ताणण्याऐवजी मोठं केलं तर वरचा-खालचा मिळून पाव भाग कापला जातो. दोन्ही नको. सेटिंगमध्ये जाऊन मूळ आकार ठेवा, दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या राहू द्या.

दुसरं, हालचाल गुळगुळीत करण्याचं सेटिंग. प्रत्येक कंपनी त्याला वेगळं नाव देते. सिनेमा सेकंदाला २४ चौकटींचा, म्हणजे २४ स्थिर चित्रांचा, असतो आणि टीव्ही मधल्या चौकटी स्वतः बनवून भरतो. मग सिनेमा कालच्या मालिकेसारखा दिसतो. ते बंद करा किंवा ‘सिनेमा’, ‘फिल्ममेकर’ असा मोड निवडा.

तिसरं, वेग. सेकंदाला २५ चौकटींच्या टीव्ही पद्धतीसाठी बनवलेल्या पुष्कळ डीव्हीडींवर २४ चौकटींचा सिनेमा २५ च्या वेगाने उतरवलेला असतो. चार टक्के फरक. अडीच तासांचा सिनेमा सहा मिनिटं आधी संपतो. पण ते सोडा, सूर हार्मोनियमच्या अर्ध्या पट्टीहून जरा जास्तच चढतो. कान तयार असलेला माणूस ‘आवाज असा नव्हता’ म्हणतो आणि त्याचं बरोबर असतं. मूकपटांत हे आणखी ठळक दिसतं: ते साधारण १६ ते २० चौकटींच्या वेगाने चित्रित केलेले असत आणि २४ ने दाखवले की माणसं दुडूदुडू पळतात. चांगल्या प्रतीत वेग दुरुस्त केलेला असतो.

चौथ्यावर माझं मत अनेकांना पटत नाही. स्वच्छ करून नव्याने रंग जुळवलेली प्रत नेहमीच जास्त उपयोगी नसते. १९५० पासून आलेल्या रंगीत फिल्मच्या बऱ्याच प्रतींत निळसर-हिरव्या रंगद्रव्याचा थर आधी उडे आणि चित्र गुलाबी पडे. शिवाय ओरखडे, खरखर, मध्येच उडी मारणारं दृश्य. अनेकांनी सिनेमा पाहिला तो असाच. आठवणीतली प्रत ती, स्वच्छ केलेली नाही. आठवणी जागवायच्या असतील आणि दोन्ही प्रती हाताशी असतील तर आधी जुनी लावून बघा. कृष्णधवल सिनेमाला नंतर रंग भरलेली प्रत मात्र या कामासाठी टाळाच. प्रत पुरी आहे का तेही तपासा: टीव्हीसाठी कापलेल्या प्रतीत गाणी आणि संथ दृश्यंच आधी जातात, आणि आपल्याला हवी असतात नेमकी तीच.

आवाज हा वयस्कर माणसांच्या बाबतीतला खरा अडसर. वाढत्या वयात वरच्या पट्टीतलं ऐकणं आधी कमी होतं. स, श यांसारख्या अक्षरांचे आवाज तिथेच असतात. जुन्या सिनेमाच्या ध्वनिपट्टीवरही वरच्या कंपनसंख्या मुळातच कापलेल्या. दोन्ही मिळून संवाद नुसते घुमतात. अशा वेळी आवाज वाढवत नेऊ नका, त्याने संगीत अंगावर येतं. खालचा खर्ज कमी करा, मधला-वरचा भाग थोडा उचला, स्पीकर टीव्हीच्या मागे न ठेवता पाहणाऱ्याच्या समोर, कानाच्या उंचीला आणा. श्रवणयंत्र असेल तर त्याची बॅटरी आधी तपासा. सबटायटल शक्यतो नकोत. डोळे खाली अडकतात आणि मागची खिडकी, पंखा, पाटी दिसेनाशी होते.

खोलीत पूर्ण अंधार करू नका. तुम्हाला पडद्यापेक्षा माणसाचा चेहरा बघायचा आहे.

आता प्रत्यक्ष बैठक. चार ते सहा जण असतील तर उत्तम, एकटं माणूस असलं तरी चालतं, दहा झाले की दोघंच बोलतात. रिमोट तुमच्या हातात. तुकडा लावा आणि चेहरे, हात, पाय बघा. खूण दोन प्रकारची असते. एक म्हणजे ठेका, गुणगुणणं, हसू. ती सिनेमासाठी असते, तिथे थांबवू नका. दुसरी म्हणजे नजर पडद्यावरून हटून बाजूला किंवा खाली जाणं, हात मध्येच थांबणं, नायिका रडत असताना भलतंच काही बोलणं: ‘अशीच कडी होती आमच्या दाराला.’ इथे थांबवा. पडद्यावर ती चौकट तशीच राहू द्या, टीव्ही बंद करू नका.

मग गप्प राहा. किमान दहा सेकंद. दहा सेकंद फार लांब वाटतात आणि बहुतेक जण चौथ्या सेकंदाला काहीतरी विचारून बसतात. आठवण अजून वर येत असते, तिच्यावर प्रश्न आदळला की ती परत जाते. दहा सेकंदांनीही काही आलं नाही तर त्यांचेच शब्द परत द्या: ‘कडी?’ एवढंच. त्यानंतरचे प्रश्न वस्तूंचे आणि इंद्रियांचे ठेवा. ती वाजायची का? दार कुठल्या बाजूला उघडायचं? आधी कोण उठायचं? ‘का’ आणि ‘कधी’ लगेच नको. ‘का’ने माणूस खुलासे देऊ लागतो आणि ‘कधी’ने हिशेब करू लागतो.

‘आठवतंय का?’ हा प्रश्न पूर्ण वर्ज्य. ती परीक्षा आहे, आणि ज्याची स्मृती कमी होत चालली आहे त्याला रोज नापास व्हायचा कंटाळा आलेला असतो. ‘हा कोण ओळख बघू’ हेही त्यातलंच. नटाचं नाव तुम्हीच बोलता बोलता सांगून टाका.

जे निघतं ते खरं असतं का? भावना खरी असते, तपशील तपासावा लागतो. फ्रेडरिक बार्टलेट यांनी १९३२ मध्येच दाखवलं होतं, की माणूस आठवतो तेव्हा साठवलेलं जसंच्या तसं काढत नाही, दर वेळी नव्याने जुळवतो. सिनेमाच्या बाबतीत याचं खास रूप दिसतं: पडद्यावरचं दृश्य स्वतःच्या आयुष्यात येऊन बसतं. बालपणीच्या घराचं वर्णन करताना जिना येतो, जो सिनेमातल्या घराला होता आणि खऱ्या घराला नव्हता. म्हणून नोंद करताना तीन गोष्टी वेगळ्या लिहा: तुकड्यात काय दाखवलं, माणूस आपणहून काय बोलला, आणि तुम्ही किंवा इतरांनी काय सुचवलं. फोनवर आवाज मुद्रित करत असाल तर आधी परवानगी घ्या, आणि त्याच दिवशी उतरवून काढा. दोन भावंडांच्या आठवणी जुळत नसतील तर बैठकीत निवाडा करू नका, दोन्ही लिहा. नात्यांचा, जागेचा, ऋतूचा तपशील बहुधा टिकाऊ. वर्ष आणि क्रम सगळ्यात कच्चा.

स्मृतिभ्रंश असलेल्यांसाठी हे औषध आहे असं कुणी सांगितलं तर मानू नका. वैद्यकीय अभ्यास एकत्र करून तपासणाऱ्या कोक्रेन संस्थेचा आठवणींवर आधारित उपचारांबद्दलचा २०१८ चा आढावा सांगतो, की मनःस्थिती, संवाद, आकलन यांत काही ठिकाणी फायदा दिसतो, पण तो लहान आहे आणि सगळीकडे सारखा नाही. तासभर चांगला जातो, माणूस माणसाशी बोलतो, याच अपेक्षेने करा. सकाळची किंवा दुपारच्या आधीची वेळ घ्या. संध्याकाळी अनेकांची घालमेल वाढते, तेव्हा नको. भांडण, आग, गोळीबार असलेले तुकडे नकोत. पडद्यावरचं खरंच घडतंय असं काहींना वाटतं.

रडू आलं तर? दर वेळी थांबवायची गरज नसते. कॉन्स्टंटाइन सेडिकिडीस, टिम विल्डशुट आणि सहकाऱ्यांनी २००६ पासून गेलेल्या दिवसांच्या हुरहुरीवर बरंच काम केलंय. त्यात असं दिसतं, की एकटेपणात ती जास्त येते, तिच्यात बहुधा जवळची माणसं असतात, आणि दुःखाचा धागा असला तरी शेवट सहसा बऱ्या जागी होतो. तेव्हा डोळ्यांत पाणी आहे आणि बोलणं पुढे सरकतंय तर चालू द्या. बोलणं एकाच वाक्यावर अडकलं, ‘तेव्हाच जायला हवं होतं’ असं पुन्हा पुन्हा आलं, तर विषय अलगद त्या दिवसातल्या दुसऱ्या माणसाकडे न्या. जोडीदार जाऊन वर्षही झालं नसेल तर दोघांनी मिळून पाहिलेला सिनेमा तुम्ही होऊन लावू नका. त्यांनी मागितला तर लावा, आणि उठून जाऊ नका.

विशीतल्या मुलांना आजोबांच्या काळातल्या सिनेमाने हुरहुर का लागते, हेही बरेच जण विचारतात. कॅरॉल क्रमहान्सल आणि जस्टिन झुपनिक यांनी २०१३ मध्ये तरुणांची गाण्यांची ओढ तपासली, तर आईवडिलांच्या आणि त्याआधीच्या पिढीच्या तरुणपणातल्या गाण्यांशीही त्यांचं नातं निघालं. घरात जे वाजत होतं ते मुलांच्याही बालपणाचा भाग झालेलं असतं. नातवंडांना बैठकीत बसवायला हरकत नाही, फक्त त्यांच्या हाती रिमोट देऊ नका.

बैठक छान झाली की तोच तुकडा पुढच्या आठवड्यात पुन्हा लावायचा मोह होतो. लावू नका, निदान काही महिने. दुसऱ्यांदा पाहताना माणसाला कडी आठवत नाही, गेल्या वेळी आपण कडीबद्दल बोललो ते आठवतं, आणि तीच गोष्ट त्याच शब्दांत येते. त्याच वर्षातला, त्यांनी एकदाच पाहिलेला दुसरा सिनेमा शोधा. दाराबद्दल पुन्हा काही निघालंच तर ते दुसऱ्या बाजूने निघतं. याला अपवाद स्मृतिभ्रंश बराच पुढे गेलेल्या माणसांचा. त्यांना ओळखीचं पुन्हा दिसण्यात आधार वाटतो, त्यांच्यासाठी एकच गाणं रोज लावलं तरी चालेल.